सुपरवायझर व्हायचंय, पुढं ठेका घ्यायचाय? पुण्याच्या साइटवरून थोडं

गावाकडून फोन येतो तेव्हा प्रश्न साधारण एकच असतो. ‘दादा, सिव्हिलचा डिप्लोमा झालाय, पुण्यात साइटवर लागतो. दोन वर्षांत स्वतःचा ठेका घेता येईल ना?’ डिप्लोमाच्या जागी कधी आयटीआय असतं, कधी नुसती बारावी, कधी वडलांच्या हाताखाली शिकलेलं गवंडीकाम. मी सगळ्यांना एकच सांगतो. ठेका घ्यायला परीक्षा नाही, कुणी अडवत नाही. अडतं ते दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, शनिवारी माणसं दारात उभी असतात आणि खिशात पैसे नसतात तेव्हा. असं का होतं ते सुपरवायझर असतानाच समजून घेता येतं. पण त्या काळात बहुतेक पोरं काम कसं करायचं तेवढंच शिकतात. केलेलं काम मोजून कागदावर कसं आणायचं, ते राहून जातं.

मी धाराशिव जिल्ह्यातला. औंधच्या आयटीआयमधून ड्राफ्ट्समन सिव्हिल केलं, वाकडला एका कॉन्ट्रॅक्टरकडे सुपरवायझर म्हणून चिकटलो आणि आता ब्लॉकवर्क-प्लास्टरची लेबर कामं (माल बिल्डरचा, माणसं आपली) घेतो. म्हणजे मी सांगतोय ते या खिडकीतून दिसलेलं. रस्त्यांची किंवा पाइपलाइनची कामं करणारा माणूस काही गोष्टी वेगळ्या सांगेल.

आत शिरायच्या वाटा

दहावीनंतर तीन वर्षांचा सिव्हिल डिप्लोमा ही सरळ वाट. पुण्यात गणेशखिंड रस्त्यावरचं शासकीय तंत्रनिकेतन आहे, खासगी कॉलेजं तर ढीगभर. आयटीआयला ड्राफ्ट्समन सिव्हिल केलेल्या पोराला ड्रॉइंग वाचता येतं, आणि साइटवर पहिल्या दिवसापासून किंमत असते ती त्यालाच. दोन वर्षांचं आयटीआय केलेल्याला पुढं डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, हे अनेकांना माहीत नसतं. हातात कसब आहे पण कागद नाही अशांसाठी क्रेडाई पुणे या बिल्डरांच्या संघटनेचा ‘कुशल’ उपक्रम साइटवरच गवंडीकाम, सळईकाम वगैरेचं प्रशिक्षण देतो. बालेवाडीचं निकमार बांधकामाचं मॅनेजमेंट शिकवतं, तो नंतरचा विषय.

आणि चौथी वाट जुनीच. बिगारी, मग गवंडी, मग मिस्त्री, मग मुकादम, मग ठेकेदार. पुण्यातले कितीतरी मोठे लेबर कॉन्ट्रॅक्टर याच वाटेनं आलेत आणि भिंत नुसती बघून ती ओळंब्यात आहे की नाही ते सांगतात. त्यांची अडचण बिलाची असते. तिथं त्यांना एखादा भाचा किंवा पुतण्या लागतो, ज्याला एक्सेल येतं. तो भाचा तुम्ही असाल तर नशीबवान आहात, मामाकडून फुकटात शिकून घ्या.

पहिली नोकरी कुठं धरावी यावर माझं मत जरा उलटं आहे. बरेच जण बिल्डरच्या बाजूनं, म्हणजे क्लायंटकडे लागायला बघतात. पगार वेळेवर, एसी साइट ऑफिस, टी-शर्टवर लोगो. ज्याला नोकरीच करायचीय त्यानं तसंच करावं. पण पुढं ठेका घ्यायचा असेल तर कॉन्ट्रॅक्टरकडे लागा. क्लायंटचा सुपरवायझर तयार झालेलं काम तपासतो. कॉन्ट्रॅक्टरचा सुपरवायझर सकाळी साडेआठला आठ माणसं आली नाहीत तर काय करायचं ते शिकतो. रेट कशातून निघतो, सिमेंटची गोणी कुठं वाया जाते, मुकादम हजेरीत दोन जास्तीची माणसं कशी घुसवतो, हे सगळं त्याच बाजूला दिसतं.

स्लॅबचा दिवस

सुपरवायझरचं काम काय, हे सांगायला स्लॅबचा दिवस पुरतो.

आदल्या संध्याकाळी सेंट्रिंगवाला (काँक्रीटचा साचा बांधणारा) म्हणतो ‘हो गया साब’, फिटर (सळया बांधणारा) म्हणतो ‘हो गया’, इलेक्ट्रिशियनचे पाइप अजून पडायचेत आणि आरएमसी (प्लँटवरून गाडीनं येणारं तयार काँक्रीट) सकाळी सातला बुक आहे. गर्दीच्या वेळी पुण्यात बऱ्याच रस्त्यांवर जड वाहनांना बंदी असते, त्यामुळे गाडीची वेळ चुकली की पुढचं सगळं गणित घसरतं. अशा घाईत नवा सुपरवायझर वर चढतो आणि सळया मोजतो. मोजाव्यातच. पण आधी खाली जावं, टॉर्च घेऊन. प्रॉप (साच्याखालचे टेकू) ओळंब्यात आहेत का, त्यांच्याखाली विटेचे तुकडे ठेवलेत की नीट पाट, फळ्यांच्या फटीतून उजेड दिसतोय का, दिसत असेल तर तिथून सिमेंटचं पाणी गळणार आणि खालून खडी उघडी पडणार. मग वर. कव्हर ब्लॉक (सळई आणि साच्यात अंतर ठेवणारे ठोकळे) किती मिलीमीटरचे? आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे स्लॅबला साधारण २०, बीमला २५, कॉलमला ४०, फुटिंगला ५०, आणि ड्रॉइंगमध्ये जास्त लिहिलं असेल तर ड्रॉइंग खरं. टॉयलेटचा संक (खाली घेतलेला स्लॅब) किती खाली, ते लेव्हल लावूनच बघा, तोंडी कुणाचं ऐकू नका.

सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं ते बाल्कनी आणि छज्ज्याकडे. तिथली मुख्य सळई वरच्या बाजूला असते, कारण बाहेर लटकणारा स्लॅब वरून ताणला जातो. आणि नेमक्या त्याच सळयांवरून पंपवाले, व्हायब्रेटरवाले, घमेलं घेऊन जाणाऱ्या बायका सगळे चालतात. सकाळी चेअरवर (वरची सळई उचलून धरणाऱ्या वाकवलेल्या सळईवर) नीट उभी असलेली सळई दुपारी फळीला टेकलेली असते. ड्रॉइंग बरोबर, सळई बरोबर, क्यूबचा (ताकद तपासायच्या काँक्रीटच्या ठोकळ्याचा) रिझल्टही बरोबर, आणि छज्जा मात्र सेंट्रिंग काढल्यावर झुकतो. म्हणून काँक्रीट बाल्कनीपाशी पोचायच्या आधी एक फिटर तिथं बसवून ठेवायचा, हातात हूक देऊन, सळया वर ओढायला. तो दुसऱ्या कामाला गेलेला दिसला की हाक मारून परत आणायचा.

गाडी आली की आधी चलन बघा. ग्रेड कोणता, प्लँटवरून निघाली किती वाजता. साधारण दोन तासांत माल खाली झाला पाहिजे. स्लम्प घ्या, म्हणजे माल किती मऊ आहे ते मोजा. पंपवाला सांगणारच की माल घट्ट आहे, थोडं पाणी मारा. ड्रायव्हरचा हातही पाइपकडे गेलेलाच असतो. तिथं आवाज चढवावा लागतो, त्यात लाजायचं नाही. मऊपणा वाढवायचाच असेल तर प्लँटच्या माणसाला बोलवून ॲडमिक्श्चर (माल मऊ करणारं रसायन) टाका, पाणी नाही. क्यूब भरताना १६ ते ३० घनमीटरला ३ नमुने, एका नमुन्याला ३ क्यूब, सात दिवसांच्या चाचणीचे वेगळे. क्यूबवर तारीख, ग्रेड आणि जागा लिहा. ‘सी विंग’ एवढंच लिहिलेला क्यूब सहा महिन्यांनी कुणाच्या कामाचा नसतो.

सेंट्रिंग कधी काढायचं यावर रोज भांडण असतं, कारण सेंट्रिंगवाल्याचा माल अडकलेला असतो. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबला प्रॉप सात दिवस, त्यावर चौदा. बीम सहा मीटरपर्यंत चौदा, त्यापुढं एकवीस. हे कमीत कमी. पुण्याच्या डिसेंबर-जानेवारीतल्या रात्री धरल्या तर एक-दोन दिवस वर गेलेले बरे. मायवानच्या (ॲल्युमिनियमच्या साच्याच्या) साइटवर ही पद्धत वेगळी, तिथं काही प्रॉप जागेवर ठेवून बाकीचा साचा लवकर निघतो. तिथं कन्सल्टंटचं लेखी पत्रक असतं, तेच पाळायचं.

काही आकडे पाठच हवेत. सळईचं मीटरला वजन म्हणजे व्यासाचा वर्ग भागिले १६२. त्या हिशेबानं आठची ०.३९५ किलो, दहाची ०.६१७, बाराची ०.८८९, सोळाची १.५८. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. सिमेंटची गोणी ५० किलो, साधारण सव्वा घनफूट. खडीचा डंपर मोशीहून येवो की वाघोलीहून, त्याच्या हौद्याची लांबी-रुंदी-उंची टेप लावून मोजायची आणि वरचा ढीग हातानं सपाट करायला लावून मगच चलनावर सही करायची. ड्रायव्हर तोंड वाकडं करतो. करू दे.

ज्याबद्दल कुणी शिकवत नाही

२९ जून २०१९ ला मध्यरात्रीनंतर कोंढव्यात सोसायटीची सीमाभिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली, १५ माणसं गेली, त्यात लहान मुलं होती. शेजारी खोदकाम, जोराचा पाऊस आणि भिंतीच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोल्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये येरवड्याच्या शास्त्रीनगरात तळाच्या सळ्यांची जाळी बांधताना कोसळली आणि बिहारचे ५ कामगार गेले. या दोन्ही ठिकाणी मी नव्हतो. पण लेबर कॅम्प कुठं टाकायचा हे प्रत्येक साइटवर कुणीतरी सुपरवायझरच ठरवतो, आणि जागा नेहमी तीच उरलेली असते: कडेची, भिंतीलगतची, उताराखालची. नाही म्हणा. राफ्टची (इमारतीखालच्या सलग पायाची) वरची जाळी बांधताना चेअर किती अंतरावर, किती जाडीच्या सळईच्या, आडव्या टेकूनं बांधल्यात का, हे ड्रॉइंगमध्ये नसेल तर इंजिनिअरकडून लिहून मागा. पाच-सहा फूट उंचीवर टनांनी लोखंड असतं आणि माणसं त्याच्या पोटात शिरून तार बांधत असतात.

हेल्मेट सगळे घालतात, फोटो काढायचा असतो म्हणून. बेल्टचा हूक मात्र हवेत लोंबत असतो. लिफ्टच्या डक्टला आणि स्लॅबच्या कडेला पाइपचं रेलिंग नसेल तर त्या मजल्यावर काम सुरू करायचं नाही, एवढा एक नियम जरी तुम्ही चालवलात तरी मुकादम तुम्हाला घाबरून राहतील.

माणसं

पुण्यातल्या साइटवर मराठीपेक्षा हिंदी जास्त चालते. सेंट्रिंग आणि सळईकामाला बंगाल, झारखंड, बिहारच्या टोळ्या, टाइल्सला राजस्थानी, बिगारीत कलबुर्गी-यादगीरकडची आणि आपली मराठवाडा-सोलापूरची कुटुंबं. एका टोळीचा मुकादम म्हणजे वीस-पंचवीस घरांचा माणूस. त्याला सर्वांसमोर शिवी दिलीत तर दुसऱ्या दिवशी टोळी दुसऱ्या साइटवर असते, आणि शेजारची साइट त्यासाठी टपलेलीच असते. छटपूजा, होळी, ईद, भाताची लावणी या तारखा तुमच्या वेळापत्रकात आधीपासून हव्यात. दिवाळीआधी स्लॅब ओतून देतो असं क्लायंटला सांगताना टोळी कुठली आहे ते आठवा.

उचल देताना हात आखडता ठेवा, पण खर्ची कधी चुकवू नका. बाहेरगावच्या टोळ्या आठवड्याला पोटापुरती खर्ची घेतात आणि बाकीचा हिशेब महिन्यानं किंवा गावाला जाताना करतात. ती शिल्लक ठेकेदाराच्या खात्यात दिसते आणि हळूहळू त्याला ती आपलीच वाटायला लागते. त्यातून गाडीचा हप्ता जातो, दुसऱ्या साइटचं ॲडव्हान्स जातं. मग अचानक चौदा माणसं म्हणतात, परवाची गाडी आहे, हिशेब करा. मजूर अड्ड्यावरून आणलेल्या माणसाचा प्रश्नच नाही, त्याला संध्याकाळी रोख द्यावेच लागतात.

मजुरांची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करून द्या. वय १८ ते ६०, मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो, आणि तो दाखला तुम्हीच देऊ शकता. बांधकाम खर्चावरचा एक टक्का उपकर या मंडळाकडेच जातो. मुलांच्या शिष्यवृत्तीपासून अपघाताच्या मदतीपर्यंत योजना आहेत. दाखल्यासाठी पैसे घेणारे ठेकेदार आणि एजंट मी पाहिलेत. तुम्ही तसले होऊ नका, कारण टोळी टिकते ती असल्या गोष्टींवर.

ठेका: रेट, माप, पैसा

आता मुख्य भाग. सुपरवायझर असताना एक वही स्वतःची ठेवा, कंपनीची नाही. तिच्यात रोज लिहा: कुठली भिंत, किती गवंडी, किती बिगारी, किती चौरस फूट झालं. हॉलची सरळ भिंत आणि टॉयलेटचा डक्ट यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. डक्टमध्ये दिवसभर घासून माणसाची निम्मी हजेरीही निघत नाही. तरी रेट सगळ्याला एकच मिळतो. ही वही वर्षभर भरलीत की कुठल्याही नकाशावर नजर टाकून सांगता येतं, या कामात पैसा आहे की फक्त घाम.

रेट ठरवताना आकड्यापेक्षा त्या आकड्यात काय काय धरलंय ते महत्त्वाचं. प्लास्टरच्या वर्क ऑर्डरमध्ये मी बघतो ते असं: परांची कुणाची, ती उभी करायची मजुरी कुणाची. काँक्रीटच्या बीमला टाचे मारायचं (प्लास्टर धरावं म्हणून खाचा पाडायचं) काम रेटमध्ये आहे का वेगळं. ब्लॉक आणि आरसीसीच्या सांध्यावर जाळी लावायची मजुरी. गॅलरीखालची ड्रिप, खिडकीचे पट्टे, हे रनिंग फुटात की फुकटात. माल चढवायला होइस्ट मिळणार का, आणि बंद पडला तर डोक्यावरून चढवायचे पैसे कोण देणार. क्युरिंगचा माणूस कुणाचा. मलबा खाली आणायचा कुणी. लेबरला राहायला खोली, पाणी, वीज. क्लायंटनं वेळेत माल दिला नाही तर बसलेल्या माणसांच्या हजेरीचं काय. यातल्या प्रत्येक ओळीला नंतर ‘ते तर रेटमध्येच आहे’ असं उत्तर मिळतं, म्हणून आधी विचारा आणि लिहून घ्या. इंजिनिअर कितीही चांगला असला तरी बदली होऊन जातो, कागद राहतो.

मापाचं एक उदाहरण देतो. एका साइटवर क्लायंटच्या बिलिंग इंजिनिअरनं खिडक्यांची वजावट दोन्ही बाजूंनी केली, आतून आणि बाहेरून. वर्क ऑर्डरमध्ये लिहिलं होतं ‘मोजमाप आयएस १२०० प्रमाणे’. मापं कशी घ्यायची याच्या त्या मानकात प्लास्टरचा नियम असा: अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या मोकळ्या जागेला (दार-खिडकीला) वजावट नाही, अर्धा ते तीन चौरस मीटरला एकाच बाजूची वजावट, कारण चौकटीच्या कडा आपण करतोच. तीनच्या वर गेलं की दोन्ही बाजू वजा आणि कडा वेगळ्या मोजायच्या. दीड मीटर बाय एक मीटर वीस सेंटीमीटरची खिडकी म्हणजे १.८ चौरस मीटर. एका फ्लॅटात अशा पाच धरल्या तर ९ चौरस मीटर, जवळजवळ ९७ चौरस फूट. चाळीस फ्लॅटांना गुणा, पावणेचार हजार फुटांच्या वर जातं. मी ते पान उघडून समोर ठेवलं. इंजिनिअर भला माणूस, त्यानं ओळ खोडून दुरुस्त केली. त्याला मला बुडवायचं नव्हतं, त्याच्या एक्सेलमध्ये फॉर्म्युलाच तसा होता. मात्र वर्क ऑर्डरमध्ये कंपनीचा वेगळा नियम लिहिला असेल तर तोच चालतो, मग आयएसचं पान दाखवून उपयोग नाही.

माप दोघांनी मिळून घ्यायचं, जागेवरच, आणि त्याच दिवशी त्याच पानावर दोघांच्या सह्या. झाकलं जाणारं काम, म्हणजे टाचे, जाळी, जादा जाडीचा थर, त्याचं माप झाकायच्या आधी. तीन आठवड्यांनी ‘इथं चाळीस एमएम थर बसला होता साहेब’ म्हणालात तर तो भिंत फोडून बघणार नाही.

आता पैशाचा हिशेब, नुसता समजा म्हणून. सहा गवंडी ९०० रुपयांनी, आठ बिगारी ६०० रुपयांनी. दिवसाचे १०,२००, सहा दिवसांच्या आठवड्याचे ६१,२००, चार आठवड्यांचे २,४४,८००. महिन्याचं बिल निघालं २,८०,०००. कागदावर ३५,२०० सुटले, नव्या माणसाला इथंच आनंद होतो. त्यातून ५ टक्के रिटेन्शन (क्लायंट राखून ठेवतो ती रक्कम) १४,००० गेलं. टीडीएस (आधीच कापून घेतलेला आयकर) १ टक्का, २,८००. सिमेंटची नासाडी, सफाई, हेल्मेट नसल्याचा दंड असे डेबिट धरा ६,०००. हातात आले २,५७,२००. मजुरी जाऊन राहिले १२,४००. त्यातून तुमचं पेट्रोल, फोन, लेबरच्या खोलीचं भाडं आणि तुमचा स्वतःचा पगार. म्हणजे नफा आहे, पण तो रिटेन्शनमध्ये आणि टीडीएसमध्ये बसलाय. टीडीएस रिटर्न भरल्यावर सुटेल, रिटेन्शन काम संपल्यावर, बहुतेक वर्षानं.

आणि हे २,५७,२०० तरी कधी येतात? महिनाअखेर बिल दिलं, तपासायला दहा-पंधरा दिवस, मग हेड ऑफिस, मग ‘पुढच्या शुक्रवारी’. पहिला पैसा बघायला आठ आठवडे सहज जातात. आठ आठवड्यांची मजुरी ४,८९,६००. म्हणून मी फोनवर विचारतो, ‘पाच लाख आहेत का रे, अडकून पडले तरी घर चालेल असे?’ नसतील तर सहाऐवजी दोन गवंड्यांचं काम घे. व्याजानं पैसे उचलून पगार वाटायला लागलास की तू त्या सावकाराचा सुपरवायझर.

जीएसटीचा घोळ वेगळाच. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की नोंदणी लागते, आणि वरच्या उदाहरणातला माणूस आठव्या महिन्यात तिथं पोचतो. १८ टक्क्यांनी महिन्याचे ५०,४०० होतात. तुम्ही दर महिन्याला रिटर्न भरणारे असाल तर ते पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरायचे, क्लायंटनं तुम्हाला दिलेले असोत वा नसोत. म्हणून टॅक्स इन्व्हॉइस माप मंजूर झाल्यावरच काढायचं, आधी नुसतं प्रोफॉर्मा (कच्चं बिल) द्यायचं. हे तुमच्या सीएकडून पक्कं करून घ्या. साइटजवळचा एखादा तरुण सीए धरा, मोठ्या ऑफिसात तुमचा फोन कुणी घेणार नाही.

बाकी कागद थोडक्यात. दहा माणसांपासून ईएसआयसी (कामगार विमा), वीसपासून पीएफ, आणि महाराष्ट्रात ५० कंत्राटी कामगारांपासून लेबर लायसन्स. मोठे बिल्डर त्याआधीच मागतात, चलनं जोडल्याशिवाय बिल पुढं सरकत नाही. लहान उद्योगांची ‘उद्यम’ नोंदणी फुकट आहे, करून ठेवा. लहान उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत असा कायदा आहे. अर्थात ज्याच्याकडून पुढचं काम हवंय त्याच्यावर कायदा उगारायला कुणी जात नाही, पण मेलमध्ये सभ्यपणे उल्लेख केला तर अकाउंटवाला फाइल वर काढतो, हा माझा अनुभव.

सरकारी कामांकडेही काही पोरं वळतात. सार्वजनिक बांधकाम विभागात सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून नोंदणी होते, मजूर सहकारी संस्थांना वेगळा वाटा असतो, महापालिकेच्या निविदा ऑनलाइन भरता येतात. डिजिटल सही, बयाणा रक्कम, अनुभवाचे दाखले लागतात. मी तिकडं फारसा गेलो नाही, कारण टेंडरमध्ये २०-२५ टक्के खाली जाऊन काम घेणाऱ्यांशी मला स्पर्धा झेपत नाही.

पहिलं काम शक्यतो ओळखीच्या इंजिनिअरकडे घ्या, ज्यानं तुम्हाला सुपरवायझर म्हणून पाहिलंय. एका विंगचे दोन-तीन मजले पुरे. किंवा मुळशी-भोरकडे एखादा बंगला, तिथं मालक टप्प्यावर पैसे देतो, जोत्याला, स्लॅबला, प्लास्टरला, आणि पैसा फिरता राहतो. मात्र मालकाची बायको रोज येऊन किचनचा ओटा इंचभर सरकवते, तर प्रत्येक बदल व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा आणि ‘हो’ आल्यावरच हात लावा.

रिटेन्शनची तारीख मोबाइलमध्ये टाकून ठेवा. वर्षानं मागायला जाल तेव्हा जुना इंजिनिअर नोकरी सोडून खराडीला दुसरीकडे गेलेला असतो आणि नवा म्हणतो, तुमची फाइल कुठाय. म्हणून काम संपल्याच्या आठवड्यातच फायनल बिलावर त्याची सही, काम पूर्ण झाल्याचं पत्र आणि स्नॅगची (राहिलेल्या दुरुस्त्यांची) यादी ‘पूर्ण’ शिक्क्यासह घ्या. झेरॉक्स त्यांच्याकडे, ओरिजनल तुमच्याकडे.